सैतानांच्या राजाची बस

कार्टून ही माणसाच्या बुद्धीला लागलेली वाळवी आहे, असं मुबश्शिर सरांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी एकही कार्टून न पाहता बनवलेलं असल्यामुळे त्यात कसलीही भेसळ नव्हती.

सर गावच्या हायस्कुलात मराठी शिकवत. तालुक्यात कुठेही निबंधस्पर्धा झाली की परीक्षक म्हणून त्यांनाच बोलावणं येई, आणि गेल्या अठरा वर्षांत त्यांनी एकाही मुलाला पहिला क्रमांक दिलेला नव्हता. त्यांच्याकडे क्रमांक दुसऱ्यापासून सुरू होत. अशा माणसावर शाळेने 'मोबाईल आणि आपली मुले' या विषयावर पालकसभेत बोलण्याची जबाबदारी टाकावी, यात नवल नव्हतं. नवल इतकंच की सरांना वाटलं, या खेपेला भाषणाला थोडा पुरावा जोडावा. पुरावा घरातच होता. तो पलंगावर पाय वर करून मोबाईल पाहत बसलेला असे.

इफ्रा दहावीत होती. गेल्या वर्षभरात तिने वडिलांशी बोलण्याचे शब्द कमी करत करत तीनवर आणले होते: 'हो', 'नाई' आणि 'चार्जर'. सरांनी यावर पुष्कळ विचार केला होता. वर्गात पन्नास पोरांना गप्प बसवणाऱ्या माणसाला एका पोरीला बोलतं करता येऊ नये, ही गोष्ट त्यांना शाळेत सांगण्यासारखी वाटत नव्हती.

सर वही आणि पेन्सिल घेऊन पलंगाच्या कडेला बसले.

"काय पाहून राह्यली?"

"काई नाई."

"मग थे काईच नाई मले बी दाखव."

इफ्राने वडिलांकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि कानातली एक वायर काढून त्यांच्या हातात दिली. दुसरी तिच्याच कानात राहिली. वायर आखूड होती, त्यामुळे सरांना पोरीच्या अगदी जवळ सरकावं लागलं. असं ते बहुधा ती दुसरीत असताना बसले होते.

मालिका जपानी होती. जपानातलं एक खेडं, खेड्याच्या बाहेर पत्र्याचा बसथांबा, आणि थांब्यावर तिघं: शाळेत जाणारी एक मुलगी, मुळे विकणारी एक म्हातारी, आणि सैतानांचा राजा. राजाला दोन शिंगं होती, अंगात लाल झगा होता आणि त्याला जगाचा नाश करायचा होता. पण जगाचा नाश शहरात जाऊन करायचा असल्यामुळे बसची वाट पाहणं भाग होतं. बस येत नव्हती. बाजूला एक बगळा होता, तो वेळापत्रक वाचत असे. संपली मालिका. बारा भाग हेच.

सरांनी वहीत लिहिलं: '१. वेळेचा अपव्यय.' मग ते हसण्याच्या जागेची वाट पाहू लागले. हसण्याची जागा आली नाही. राजा म्हातारीला म्हणाला, "बाई, मी जगाचा नाश करणार आहे." म्हातारी म्हणाली, "मग रांगेत उभे राहा. माझा नंबर आधी आहे." राजा रांगेत उभा राहिला. आणि सरांच्या पोटातून काहीतरी फुर्र करून बाहेर आलं.

"अब्बा, तुमी हसले," इफ्रा म्हणाली. वर्षातलं तिचं हे पहिलं पूर्ण वाक्य.

"खोकलो," सर म्हणाले.

स्वयंपाकघरातून मेहरबी डोकावली. सरांची बायको धार्मिक होती आणि तिचे कान तिखट होते. "कोन सैतान म्हनलं? मगरिबच्या नमाजाच्या टायमाले घरात सैतान कायले आनून राह्यले तुमी?"

"अम्मी, थो गरीब हाये," इफ्रा म्हणाली. "त्याले बसच भेटत नाई."

"मंग ठीक हाये," मेहरबी म्हणाली. गावात हे कारण कोणालाही पटे. गाव मेडशीच्या अलीकडे, हमरस्त्यापासून जरा आत होतं. फाट्यावरून दिवसाला पंचवीस एसट्या जात आणि त्यांतल्या चोवीस थांबत नसत. पंचविसावी कोणती, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

रोज संध्याकाळी एक भाग. बावीस मिनिटं. वहीत पहिल्या नोंदीनंतर दुसरी पडली नाही. सातव्या भागात मुलीला झोप लागते आणि राजा तिचा गणिताचा गृहपाठ करून ठेवतो. पण त्याने आयुष्यभर फक्त राज्यात राज्यं मिळवलेली असल्यामुळे त्याला वजाबाकी येत नसते. सगळी गणितं चुकतात. मुलगी उठते, बघते, आणि तो दुसरीकडे पाहत असताना हळूच खोडून पुन्हा करते. त्याला काही सांगत नाही. हा भाग संपला तेव्हा सरांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांनी मेहरबीला सांगितलं, तुरीच्या कुटाराची धूळ गेली. ते दिवस तुरीचे नव्हते, पण मेहरबीने खोडून काढलं नाही.

आणि त्या बावीस मिनिटांच्या मागेपुढे इफ्रा बोलू लागली. बगळा काय वाचतो, म्हातारी मुळे का विकत नाही, शाळेत तिच्या शेजारी कोण बसतं, तिला सायन्स का नको. सरांना अठरा वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी पहिल्या क्रमांकाचं वाटलं. ती बावीस मिनिटं त्यांना आता कशापायीही सोडायची नव्हती.

"अब्बा," अकराव्या भागानंतर इफ्रा म्हणाली, "हे कोनाले सांगू नका हां. हे आपलंच."

"मी कोनाले सांगतो!" सर म्हणाले. आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी साडेतीनशे लोकांना सांगितलं.

त्यात त्यांचा हेतू वाईट नव्हता. भाषणाची सुरुवात 'वाळवी' या शब्दानेच झाली. पण 'उदाहरणार्थ' म्हणताना सर थांबले. उदाहरण त्यांच्याकडे एकच होतं. त्यांनी ते टीका करायच्या बेताने सांगायला घेतलं आणि चाळीस मिनिटांनंतर ते मुळेवाल्या म्हातारीच्या आवाजात बोलत होते. या विनोदात विनोद कसा नाही, आणि नसल्यामुळे तो कसा आहे, घटनेवाचून कथा कशी उभी राहते, असं त्यांनी सोपं करून सांगितलं. ते कोणाला समजलं नाही. पण बाकीचं सगळं समजलं.

सरपंच मदनसिंग पहिल्या रांगेत होते. ते उठून उभे राहिले. "सर, बाकी ठीक हाये जी. पन बस आली का नाई?"

"तोच तर या कलाकृतीचा गाभा आहे," सर म्हणाले.

"गाभा ऱ्हाऊ द्या. आली का?"

"बारावा भाग मी अजून पाहिलेला नाही."

सभेत मोठा हळहळीचा आवाज झाला. सभेला मुलंही बसवलेली होती; दहावीच्या रांगेत इफ्रा खाली मान घालून बसली होती आणि मैत्रिणी तिला कोपराने ढोसत होत्या. एक म्हणाली, "तुया सैतान आला का व बसनं?"

संध्याकाळी सर नेहमीच्या जागी जाऊन बसले. इफ्राच्या दोन्ही कानांत वायरी होत्या.

"बारावा भाग?" सरांनी विचारलं.

"नाई."

"काहून?"

"चार्जर," इफ्रा म्हणाली. मोबाईल शहाण्णव टक्के होता.

इथे शहाणा माणूस माफी मागून मोकळा झाला असता. पण सर मराठीचे शिक्षक होते. त्यांना वाटलं, आपलं सादरीकरण कमी पडलं. गावाने स्वतः मालिका पाहिली, गावाला ती कळली, तर मैत्रिणी हसायच्या थांबतील आणि इफ्राला अभिमान वाटेल. त्यातच दुसऱ्या दिवशी मदनसिंग दारात हजर: "सर, गावाची मागनी हाये. शेवटचा भाग दाखवा. लोकाईले झोप नाई."

ग्रामपंचायतीत एक प्रोजेक्टर होता. तो कुठल्याशा योजनेत आला होता आणि खोक्यातून कधी बाहेर पडला नव्हता. ग्रामसेवक म्हणाले, "देतो. पन प्रोजेक्टर ग्रामसभेसाठी हाये. ग्रामसभेबिगर खोकं उघडलं तं ऑडिटवाला मले खोक्यात घालते."

"मग?"

"मंग विशेष ग्रामसभा लावू. विषय काय टाकू?"

सरांनी विषय सुचवला: 'जपानी विनोदाची अभिनव वाट.' ग्रामसेवकांनी नोटिशीवर लिहिलं: 'वाहतूक समस्येबाबत चर्चा करणे.' त्यांच्या मते अर्थ तोच होता.

शेजारी जगदेव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी सल्ला दिला की पडदा पांढरा पाहिजे. पांढरी चादर घरात नव्हती. मेहरबीने माहेरहून आलेली एकच मोठी चादर दिली, तिच्या मधोमध मोर होता. समाजमंदिराच्या खिडक्यांना सोयाबीनची पोती लावून दुपारी चार वाजता अंधार केला. दीड वाजल्यापासूनच सतरंजीवर रुमाल, टॉवेल, पिशव्या आणि एक खुरपं पडलेलं होतं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची सवय आमच्या लोकांच्या हाडात आहे; मालक आपापल्या घरी चहा पीत होते आणि रुमाल सभेला बसले होते.

मालिका जपानीत, खाली अक्षरं इंग्रजीत. तेव्हा माईक घेऊन भाषांतर करायची वेळ सरांवर आली. राजाच्या तोंडून सरांचा आवाज येई, तोही राजाने तोंड मिटल्यावर. शिवाय राजा मधोमध उभा राहिला की त्याच्या पोटात मोर नाचे. पण लोकांना त्याचं काही नव्हतं. लोकांना अडचण वेगळीच होती.

"यानं रुमाल काहून नाई आनला?" रुपाबाई म्हणाली. ती मेडशीला भाजी विकायला जाई आणि या विषयात तिचा शब्द मानला जाई.

"तिकडे काळी-पिवळी नाई का?" मागून कोणीतरी. "जीपमंदी बसून गेला असता तं आतालोक जगाचा नाश करून वापस आला असता."

"शिंगं हायेत, जीपमंदी कसा बसन?"

"टपावर बसन."

सरांनी माईकवरून सांगितलं, "कृपया शांतता. हा प्रतीक्षेचा विनोद आहे."

"यात हसन्यासारखं काय हाये जी?" रुपाबाई म्हणाली. "मी मंगळवारी अडीच घंटे अशीच उभी होती. माये तं मुळे बी सुकले."

हॉलमध्ये कोणी हसत नव्हतं. सगळे पुढे सरकून, श्वास रोखून पाहत होते. पहिल्या भागानंतर लोकांनी एकमताने ठरवलं की मधले भाग नकोत, शेवटचा लावा. इफ्रा दाराशी उभी होती. सरांनी तिला हाताने पुढे बोलावलं. ती तिथूनच घरी गेली.

बाराव्या भागात बस आली. समाजमंदिरात टाळ्या पडल्या, एकाने शिटी वाजवली. बस थांबली. राजाने आधी म्हातारीला चढवलं, मग मुलीला, मग बगळ्याला. मग कंडक्टर वाकून म्हणाला, "जागा नाही. पुढची बघा." राजा म्हणाला, "बरं." बस गेली. राजा थांब्यावर उभा. समाप्त.

एकदम गलका झाला.

"अन्याव हाये हा!"

"डबल बेल मारली त्यानं! माया डोळ्यानं पाह्यलं!"

"एका मानसाले जागा होत नाई का?"

जगदेव उभे राहिले. "एक मिनिट. कंडक्टरची काई चूक नाई. उभ्या प्रवाशाचा आकडा ठरेल असते. वर घेतला तं मेमो भेटते."

"जगदेवभाऊ, तुमी तीस वर्स हेच केलं!" रुपाबाई कडाडली. "मले पोरासकट फाट्यावर सोडून गेल्ते तुमी!"

"नियम होता, बाई!"

"बगळा चढते अन् मानूस ऱ्हाते, हा कोनता नियम?"

बगळ्याचं नाव निघताच जगदेव खाली बसले. सरांनी माईकवर सांगायचा प्रयत्न केला की राजाच्या त्या 'बरं'मध्ये मालिकेचं सगळं सौंदर्य आहे. जगाचा नाश करायला निघालेला माणूस वाट पाहता पाहता माणूस झाला. आवाज बसलेला असल्यामुळे ते फक्त मोराला ऐकू गेलं.

ग्रामसभा म्हटली की ठराव पाहिजे. ठरावावाचून इतिवृत्त बंद होत नाही, आणि इतिवृत्तावाचून प्रोजेक्टर खोक्यात जात नाही. ग्रामसेवकांनी लोकभावना ऐकून लिहिलं: 'सदर थांब्यावर बसमध्ये जागा मिळत नसल्याने प्रवाशांची गैरसोय होत आहे. तरी जादा बस सोडण्यात यावी. सूचक: मुबश्शिर सर. अनुमोदक: रुपाबाई. ठराव सर्वानुमते मंजूर.' थांब्याचं नाव लिहायच्या जागी जपानातलं नाव कोणाला सांगता येईना, म्हणून गावच्या फाट्याचं घातलं. एकशे बेचाळीस लोकांनी सह्या आणि अंगठे दिले. सरांनीही सही केली. नोंदवही पुढे आली की सही करायची, एवढं शासन त्यांच्यातही मुरलेलं होतं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. अमुक क्रमांकाच्या ठरावास अनुसरून वाहतूक निरीक्षक सोमवारी सकाळी आठ ते सायंकाळी पाच या वेळेत सदर थांब्यावर प्रवासी गणना करतील. अर्जदाराने समक्ष हजर राहावे.

सर धावत ग्रामसेवकांकडे गेले. "अहो, ते काल्पनिक आहे!"

"पत्र खरं हाये," ग्रामसेवक म्हणाले.

"ठराव मागे घ्या."

"त्याले दुसरी ग्रामसभा लागते. थे आता दिवाळीनंतर. अन् सर, वापस घेतला तं तुमीच सगळ्याईले फसवलं असं होते."

मुख्याध्यापकांनी किरकोळ रजा मंजूर केली, पण रजेच्या कारणात 'सैतान' हा शब्द नको म्हणाले. घरी इफ्राने पत्र वाचलं आणि परत ठेवलं. तिच्याकडून 'हो' आणि 'नाई' हेही आता क्वचितच मिळे. शाळेत तिला 'सैतानची पोरगी' म्हणत. म्हणजे सैतान कोण, हेही ठरलं होतं.

रविवारी मदनसिंगांनी धीर दिला. "सर, फिकर नोको. गाव तुमच्या मांगं हाये. तीस-पस्तीस लोकं आनतो. दिवसभर नुस्तं उभं ऱ्हायचं हाये. आपल्याले त्याची सवय हाये."

आणि खरंच, सोमवारी आठ वाजता फाट्यावर चौतीस लोक उभे होते. धुतलेले कपडे, हातात पिशव्या, तोंडावर प्रवाशाची कळा. निरीक्षक मोटारसायकलवरून आले, बाभळीखाली बसले, मांडीवर तक्ता घेतला. ही गर्दी पाहून त्यांची भुवई वर गेली. सरांनाही बरं वाटलं. वाटलं, इफ्राने हे पाहायला हवं होतं.

"गणना नऊला सुरू करतो," निरीक्षक म्हणाले. "आधी चहा."

पावणेनऊला मेडशीकडे जाणारी काळी-पिवळी आली आणि सवयीने ब्रेक मारला. चौतीस माणसांपैकी अकरा कधी आत शिरली, हे त्यांना स्वतःलाही कळलं नसावं. हात वर करणं, रुमाल टाकणं, चढणं, हे सगळं एका दमात झालं.

"अरे, कुठं चालले?" सर ओरडले.

"आत्ता येतो सर! मेडशीले जरा काम होतं, म्हनलं उभंच हावो तं..."

नऊ वीसला दुसरी जीप. दहाला तिसरी. रुपाबाईने मात्र दोन जिपा सोडल्या, हे तिच्याबाबतीत नमूद करायला हवं. तिसरीला तिची पिशवी आधीच आत गेली होती, मग तिला जावंच लागलं. मदनसिंगांना पंचायत समितीत बोलावणं असल्याचं जीप दिसल्यावर आठवलं. शेवटी जगदेव राहिले.

"मी काई हालत नाई सर," ते म्हणाले. "मी नियमाचा मानूस."

तेवढ्यात जीपवाल्याने हाक मारली, "जगदेवकाका, समोरची सीट ठेवली हाये तुमच्यासाठी." तीस वर्षं दुसऱ्यांना जागा नाकारलेल्या माणसाला कोणी समोरची सीट ठेवतो, तेव्हा नियम तरी काय करणार. जगदेव गेले.

साडेदहाला थांब्यावर एकटे सर उरले. दोन एसट्या न थांबता गेल्या. निरीक्षक तक्त्यात बराच वेळ काही लिहीत नव्हते.

एक वाजता गावाच्या रस्त्याने इफ्रा येताना दिसली. शाळेच्या गणवेशात, हातात डबा. "अम्मीनं देला," ती म्हणाली. तिने रिकामा फाटा पाहिला, बाभळीखालचे निरीक्षक पाहिले, आणि पांढरा शर्ट घालून रस्त्याच्या कडेला ताठ उभे असलेले वडील पाहिले.

"बाकीचे?"

"गेले," सर म्हणाले. "जीपनं."

"तुमी काहून नाई गेले?"

सरांनी विचार केला. "माया नंबर हाये," ते म्हणाले.

इफ्राचे ओठ हलले. ती शाळेत परत जायला निघाली होती, ती वळून दगडावर बसली. सरांना 'चुकलं माझं' म्हणायचं होतं. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्यामुळे ते वाक्य त्यांना सरळ येईना.

"इफ्रा, मी थे सांगायले नोको होतं. थे आपलं होतं."

"हो," इफ्रा म्हणाली. मग डबा उघडत, "तुमी म्हातारीचा आवाज लय खराब काढला अब्बा."

"खराब?"

"लय. बगळ्यासारखा."

निरीक्षक तक्ता घेऊन जवळ आले. त्यांना रकाने भरायचे होते. "प्रवासी दोन धरू ना? कुठं जायचंय?"

सर कुठेच जाणार नव्हते.

"जगाचा नाश करायले," इफ्रा म्हणाली.

निरीक्षकांनी तिच्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि तक्त्यात लिहिलं: वाशिम.

सरांना हसू आवरेना. खोकला म्हणून ते खपलंही नसतं. इफ्रा पोट धरून दगडावर वाकली होती. निरीक्षक परत बाभळीखाली गेले. त्यानंतर पाच वाजेपर्यंत बापलेक फाट्यावर बसून होते. डबा खाल्ला. गेलेल्या एसट्यांचे नंबर पाहिले. इफ्राने सायन्स का नको, हे पुन्हा सांगितलं आणि या वेळी सरांनी ते मध्ये न बोलता ऐकलं. शेवटच्या अर्ध्या तासात एक जीप त्यांच्यासाठी थांबली, तेव्हा दोघांनी एकदमच नको म्हणून हात हलवला.

अहवाल महिनाभराने आला. महिलांना एसटीत अर्धं तिकीट असल्याने सदर थांब्यावरील प्रवासी संख्या दीड नोंदवण्यात आली असून जादा बसची मागणी नामंजूर करण्यात येत आहे.